सावरटेकपर्यंतची गाडी

सावरटेक, १२ फेब्रुवारी २०२५

बाबा,

रूळ काढायला माणसं आली आहेत. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवावं असं वाटलं, म्हणून लिहिते. फोनचा उपयोग नाही. दादा म्हणाला, बाबांना आता मशीन लावूनही नीट ऐकू येत नाही, आणि मशीन ते लावतही नाहीत.

आई गेली तेव्हा तेरवीपर्यंत तुम्ही इथं होता. एका घरात असून तुम्ही दादाशी बोललात आणि मी वहिनीशी. त्याआधीची वीस-बावीस वर्षंही तशीच गेली. हे पत्र आलं म्हणजे आपलं मिटलं, असं समजू नका. बातमी द्यायची आहे, तेवढंच.

नांदखेडच्या बाजूनं सुरुवात केली आहे. आधी जेसीबीनं रुळांतल्या बाभळी उपटतात, मग गॅसनं रूळ तोडून ट्रकमध्ये भरतात. आमखेडपर्यंत आले आहेत. आपल्या हॉल्टवर पोचायला त्यांना दीड-दोन महिने लागतील, असं त्यांचा मुकादम म्हणाला. चांगला माणूस आहे. मला विचारत होता, "मॅडम, ही लाइन पुढे कुठं जायची?" मी म्हटलं, कुठंच नाही. इथपर्यंतच.

हॉल्टच्या खोलीत माझी अंगणवाडी भरते, हे दादानं सांगितलं असेल. तिकिटाच्या खिडकीतून मी खिचडी वाढते. मुलांना वाटतं खिडकी त्यासाठीच केली आहे.

तब्येत सांभाळा. तिकडं दादाकडं चाकणला थंडी असेल.

योगिनी


सावरटेक, ९ मार्च

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. "आमखेडचा पूल पाडला का? दगडी काम चांगलं होतं." एवढंच. मी कशी आहे ते विचारलं नाही. असो. पूल पाडलेला नाही, फक्त रूळ नेले.

तुम्ही पूल विचारला आणि मी सगळी लाइन आठवत बसले. मी आठवीत असेन. तुम्ही आणि देवानंदकाका नांदखेडला मोठ्या लाइनवर आडवे झालात, गाडी रोखलीत, आणि पोलिसांनी तुम्हाला मारलं. आई हळद लावत होती आणि तुम्ही पालथे पडून हसत होता. "वच्छला, जालन्यापर्यंत गाडी येते आता. पोरीले कालेजात धाडू." देऊळगाव राजावरून जालना, असा नकाशा तुम्ही चुलीच्या राखेत काढून दाखवला होता.

आणि मग निधी संपला आणि लाइन सावरटेकला येऊन थांबली. पुढं नुसतं शेत. पहिल्या दिवशी एकच डबा आला. डब्यालाच इंजिन. लोकांनी लगेच त्याचं नाव 'डबी' ठेवलं. आईनं ड्रायव्हरला ओवाळलं, त्याला मराठी येत नव्हतं, तो लाजून खाली बघत राहिला.

डबी कधीच फायद्यात आली नाही, हे मलाही माहीत आहे. सावरटेक सोडलं तर हॉल्ट गावांपासून लांब होते. आमखेडच्या माणसाला स्टेशनावर जायला जेवढं चालावं लागे, तेवढ्यात तो पक्क्या सडकेला लागायचा. देवानंदकाका तिकिटं विकायचे आणि त्यांच्या कमिशनमधून घरचा चहा निघत नसे. शेंगा-भाजीची टोपली घेऊन बाया फुकट बसायच्या, आणि काका त्यांना उतरवायचे नाहीत. पण बाबा, सकाळच्या डबीत नांदखेडच्या कॉलेजला जाणाऱ्या आम्ही मुली असायचो. सावरटेकच्या, आमखेडच्या, मधल्या दोन्ही हॉल्टच्या. डबीत सरकारी माणूस असतो, खिडक्यांना गज आहेत, संध्याकाळी ठरल्या वेळी परत येते, म्हणून घरचे सोडायचे. त्याआधी आपल्या गावची एकही मुलगी दहावीच्या पुढं गेली नव्हती. मनाली आणि मी शेजारी बसायचो. ती मोठ्यानं रसायनशास्त्राची सूत्रं म्हणायची आणि टोपलीवाल्या बायांना वाटायचं पोथी म्हणून राह्यली.

मग तुम्ही जीप घेतली.

काऊन घेतली तेही मला माहीत आहे. केसरबाईची सून अडली होती, आणि डबी भर पावसात आमखेडच्या पुलाजवळ बंद पडली. बाळ गेलं. तुम्ही त्या बाईला चिखलातून खांद्यावर नेलं होतं. घरी आल्यावर तुम्ही जेवला नाहीत. पुढच्या महिन्यात दारात जीप उभी. आजारी माणसासाठी, म्हणालात. ते खरंच होतं. पण आजारी माणसं रोज कुठली? जीप दारापुढून लोकांना उचलायची, हात दाखवला की थांबायची. डबी रिकामी धावू लागली. दोन वर्षांत ती बंद झाली. जिच्यासाठी तुम्ही काठ्या खाल्ल्या, ती.

याचाही मला तेवढा राग नाही. लोकांनीच जीप निवडली. राग कशाचा आहे ते तुम्हाला माहीत आहे.

मुलांची वजनं घ्यायची आहेत. थांबते.

योगिनी


सावरटेक, ६ एप्रिल

बाबा,

हे पत्र दादाच्या शिवमला वाचायला देऊ नका. चष्मा लावून स्वतः वाचा.

मुकादमानं सांगितलं, हॉल्टची खोलीही पाडणार आहेत. रेल्वेची जागा आहे, मोकळी करून द्यायची आहे. ग्रामपंचायतीनं अर्ज केला, उत्तर आलं नाही. मी मुलांना मारुतीच्या सभामंडपात बसवायचं ठरवलं आहे. तिथं ऊन येतं, पण पंखा आहे.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

डबी बंद झाली तेव्हा माझं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं होतं. सकाळची एसटी फाट्यावरून जायची, तीही कॉलेज सुरू झाल्यावर पोचायची. राहिली तुमची जीप. मनाली तुमच्या जीपनं जायला लागली, आमखेडच्या मुलीही. मी पिशवी घेऊन अंगणात आले आणि तुम्ही म्हणालात, "तू नाई यायचं."

"काऊन?"

"सांगतलं ना. माह्या जीपमंधी माही पोरगी नाई बसन."

"दुसऱ्याच्या पोरी बसवता, आन् आपली नाई?"

तुम्ही स्टार्टर मारला आणि गेलात. मी दारात उभी, मनाली मागच्या बाकावरून माझ्याकडं बघत होती. त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलणं सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही माझं लग्न अमडापूरला करून दिलं. तेही मी तुमच्याशी न बोलताच केलं. तिथून मी दोन वर्षांत परत आले. का आले, हे आईला ठाऊक होतं. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मला वाटायचं, आपली मुलगी ड्रायव्हरच्या शेजारी कोंबून बसली तर लोकांत कमीपणा येईल, असं तुम्हाला वाटलं असेल. नाहीतर माझ्या जागी एक गिऱ्हाईक बसेल म्हणून. यापेक्षा चांगलं कारण मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलं. घरात दुसरं काम नसतं. अंगणवाडी दुपारी सुटते, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. आई होती तेव्हा निदान भांडण तरी व्हायचं. आता मी एकटीचा स्वयंपाक करते आणि उभ्यानंच जेवते.

तुम्ही पंच्याहत्तरीला आलात. म्हणून एकदाच विचारते. काऊन?

योगिनी


सावरटेक, ११ मे

बाबा,

पोचल्याचा दादाचा निरोप मिळाला. बसमध्ये पाय सुजले असतील, मीठपाण्यात ठेवा.

तुम्ही उत्तर लिहिण्याऐवजी स्वतःच याल असं मला वाटलं नव्हतं. देवळाकडून आवाज आला, "गोकुळभाऊ आला वं!" आणि बघते तर तुम्ही हातात पिशवी घेऊन माझ्या घराकडं नाही, सरळ हॉल्टकडं चाललेले. खोलीचं छप्पर उतरवून झालं होतं. मी आणि देवानंदकाका मुलांच्या सतरंज्या, पाट्या, वजनकाटा बाहेर लिंबाखाली आणून ठेवत होतो.

इथं जे बोलणं झालं त्यातलं अर्धं तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

काका तुम्हाला म्हणाले, "गोकुळ, उशीर केला राजा. डबी गेली." तुम्हाला वाटलं ते चहाचं विचारतात. तुम्ही म्हणालात, "हाव, घेतो." काका हसले आणि मग डोळे पुसत चहा आणायला गेले.

आपण दोघंच राहिलो. मी बोलले, तुम्ही कानाला हात लावलात. मी पुन्हा मोठ्यानं बोलले. तुम्ही मान हलवलीत. तेव्हा मी ढिगातली एक पाटी घेतली आणि खडूनं लिहिलं, "काऊन?"

तुम्ही पाटी मांडीवर घेतलीत. आणि मग बोललात. बाबा, तुम्हाला वाटत होतं आपण हळू बोलतोय. तुम्ही ओरडत होता. समोर रुखमाबाई दारात तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. रूळ तोडणाऱ्या माणसांनी गॅस बंद केला.

"मले आरशात दिसे," तुम्ही म्हणालात. "मांगच्या बाकावर काय होते ते सारं दिसे. पोरीइच्या बाजूनं माणसं मुद्दाम घुसून बसत. हात... आता तुले काय सांगू. मनाली खिडकीले चिकटून बसे, आन् तो आमखेडचा वाण्याचा पोरगा तिच्या अंगावर. रोज. मी पायलं. रोज पायलं."

मी पाटीवर लिहिलं, "मग?"

"मंग काय? उतरवलं असतं त्याले, तं त्याच्यासंगची समदी माणसं उतरली असती. दुसऱ्या जीपा झाल्या होत्या तवा. मी रस्त्याकडे पायलं. तुले घरी ठेवलं. बस, एवढंच केलं मी." आणि मग आणखी मोठ्यानं, "माही तेवढी वाचवली."

काका चहाचे कप घेऊन अर्ध्या वाटेत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते पुढं आले नाहीत. रुखमाबाई सूप घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

मला काय वाटलं ते मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही. आताही नीट सांगता येत नाही. मला शिकू दिलं नाही म्हणून मी तुमच्यावर रागावले होते, आणि त्या रागाचा मला आधार होता. तो तुम्ही काढून घेतलात आणि त्याच्या जागी हे ठेवलंत. मनालीनं सहा-सात महिन्यांत कॉलेज सोडलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "तुले जीप मिळत होती तरी सोडलं!" नंतर आमचं येणंजाणंच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच म्हणालात, "मले तिच्या घरी ने." देऊळगाव राजाच्या एसटीत तुम्ही सारखे सदऱ्याचं बटण लावत होता, काढत होता. बालाजीच्या देवळामागं तिचं शिलाईचं दुकान आहे, हे मला चौकशी करून काढावं लागलं. तुम्ही दारात चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिलात. म्हणालात, "मनाली, मी पायत होतो. मी काई बोललो नाई. मी पापी माणूस होय." तिथंही ओरडूनच. दोन बाया ब्लाऊजचं माप द्यायला आल्या होत्या, त्या निघून गेल्या.

मनालीनं तुम्हाला खुर्ची दिली. पाणी दिलं, चहा केला. आम्ही दोघी आत बोललो. मग आपण परत आलो.

परतीच्या बसमध्ये तुम्हाला झोप लागली. इतकी गाढ, की फाट्यावर मला हलवून उठवावं लागलं.

योगिनी


सावरटेक, २१ सप्टेंबर

बाबा,

तुमचं लांबलचक पत्र मिळालं. तुम्ही इतकं लिहू शकता हे मला माहीत नव्हतं. चाकणमध्ये सकाळी टेकडीपर्यंत फिरायला जाता, शिवमला रेल्वे रोकोची गोष्ट सांगितली, त्याला ती खरी वाटत नाही, हे सगळं वाचलं. "मनालीनं माफ केलं तवापासून छातीवरचा धोंडा उतरला, रात्री झोप लागते," हेही वाचलं. ते मी तीन-चारदा वाचलं आणि पत्र तसंच ठेवून दिलं. म्हणून उत्तराला इतके महिने लागले.

बाबा, मनालीनं माफ केलेलं नाही.

तुम्ही बाहेर खुर्चीवर बसला होता. आत स्टोव्हजवळ ती काय बोलली ते तुम्हाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि मी पाटी सोबत नेली नव्हती. खरं म्हणजे पाटी असती तरी मी लिहिलं नसतं. तुमचं तोंड इतकं उतरलं होतं.

ती म्हणाली, "काका काय सांगतात मले? मले माहीत हाय ते पायत होते. एक दिवस माही न् त्याइची नजर त्या आरशात मिळाली. मले वाटलं, आता गाडी थांबन. मी वाट पायली योगिनी. फाट्यापर्यंत वाट पायली. त्याइनं आरसाच फिरवला."

मी म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीस."

"कोणाले सांगू? तुहे बाबा होते ते. मी घरी सांगतलं असतं तं मह्याच बापानं म्हणलं असतं, तूच काई केलं असशीन. मंग मी कालेज सोडलं. मले वाटे, तुले तुह्या बापानं सांगतलं असन, म्हणून तू येत नाई. तुले वाचवलं, मले बसवलं. तुहाच राग येत होता मले, सगळ्यात जास्ती."

चहा उतू गेला तेव्हा तिनं स्टोव्ह बंद केला. कप भरले. तुमच्यासाठी बशी पुसून घेतली. मी म्हटलं, "मनाली, ते म्हातारे झाले. एक शब्द बोल त्यांच्याशी." ती म्हणाली, "चहा देते मी. दारात आलेल्या माणसाले देतो तसा. त्याच्यावर काई मांगू नको. तू मात्र येत जाय. त्याइले आणू नको."

मग ती कप घेऊन बाहेर आली. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती सरकली नाही, एवढंच. ते तुम्ही माफी समजलात, आणि मी समजू दिलं.

हे तुम्हाला कळवायचं की नाही, यावर मी फार विचार केला. माणूस पंच्याहत्तरीला झोपत असेल तर झोपू द्यावं, असं देवानंदकाकांचं म्हणणं. त्यांना मी विचारलं होतं. पण तुम्ही शिवमलाही हे असंच सांगाल, की चूक झाली होती, जाऊन हात जोडले, सगळं मिटलं. आणि तिकडं मनाली आपल्या दुकानात बसून असेल, आणि तिच्या नावावर आपण दिलेली माफी. तिचं तेवढं तरी तिच्याकडं राहू द्या.

मी महिन्यातून एकदा देऊळगावला जाते. शिलाईच्या आवाजात आम्ही फारसं बोलत नाही. मागच्या वेळी तिनं मला बटणं लावायला दिली. परत निघताना ती बसस्टँडपर्यंत येत नाही. पण पुढच्या वेळी कधी येशील, हे विचारते. मला असं कोणी विचारत नाही, म्हणून मी जाते.

इथलं सांगायचं तर हॉल्टच्या जागी आता काही नाही. रुळाखालची खडी लोकांनी अंगणात टाकायला नेली. ग्रामपंचायत त्या पट्ट्यावर रस्ता करायचा म्हणते. रुखमाबाई माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाही. तुमच्याबद्दल गावात बोललं जातं, ते मी लिहीत नाही. केसरबाई मात्र कुणी तुमचं नाव काढलं की म्हणते, "त्यानं माही सून चिखलातून आणली, मी त्याले काई म्हणणार नाई." दोन्ही माणसं तुम्हीच. मला अजून दोघांना एका जागी बसवता येत नाही.

मी तुमच्यावर रागावले आहे का, असं तुम्ही विचारलंत. आता राग म्हणता येणार नाही. पूर्वी तुम्ही समोर आलात की मी उठून जायची. आता उठून जाणार नाही. जवळ बसेन की नाही, ते बसल्यावर कळेल.

दिवाळीला येऊ का, असं विचारलंत. या. देऊळगावला जायचं नाव काढू नका, आणि मनालीनं काय ठरवलं ते मला पुन्हा विचारू नका. फाट्यावर उतरलात की तिथंच थांबा, सडक ओलांडू नका, मागून येणारी गाडी तुम्हाला ऐकू येत नाही. मी घ्यायला येईन. आईच्या खोलीत तुमची गादी टाकते. पाटी-खडू घरी आणून ठेवले आहेत. तुम्हाला काही सांगायचं असेल तर शक्यतो हळू बोला, आणि नाही जमलं तर ओरडा. या घरात मोठ्यानं कोणी बोललं त्याला फार दिवस झाले.

योगिनी